सगळे भालेराव एका पंगतीत

आमच्या घरात सकाळचे दोन आवाज ठरलेले होते. एक आईच्या भाकरी थापण्याचा आणि दुसरा आण्णांच्या सायकलच्या पंपाचा. पहिला रोज ऐकू यायचा, दुसरा फक्त रविवारी, कारण रविवारी आण्णा भालेराव शोधायला जायचे. इतरांचे वडील सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन पवना नदीवर बसत, पत्ते कुटत, नाहीतर बायकोशी भांडत. आमचे वडील धोतराला चिमटा लावून, टोपी चापून बसवून, कुठे आपल्या आडनावाचा माणूस राहतो का हे बघत कासारवाडीपासून चाकणपर्यंत हिंडायचे. संध्याकाळी परतले की आई दारातूनच विचारायची, "मिळाला का?" मिळाला असेल तर आण्णा पाय न धुताच आत येत. नसेल मिळाला, तर त्या रात्री आमटीत मीठ हमखास कमी असे.

आम्ही मूळचे संगमनेरकडचे. आण्णा देहूरोडच्या लष्करी डेपोत हेडक्लार्क होते आणि आम्ही चिंचवड गावात, नदीकडच्या आळीत दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो. गावातल्या जुन्या घरांची सगळी सोयरीक आसपासचीच. कुणाकडे बारसं निघालं की निम्मा गाव मामा आणि उरलेला काका. आमच्याकडे येणार कोण? परगावात माणसाला नातेवाईक कमी पडतात हे दुःख खरं आहे आणि मी त्याची चेष्टा करणार नाही. आण्णांनी त्यावर जो उपाय काढला त्याची मात्र करीन. त्यांचं म्हणणं असं, की जगात जेवढे भालेराव आहेत तेवढे सगळे एकाच पुरुषापासून झाले.

हा मूळपुरुष आमच्यातच राहत होता म्हटलं तरी चालेल. शिवकाळात तो भाला घेऊन घोडदळात होता. कोणत्या लढाईत होता हे आण्णांना माहीत नव्हतं, त्यामुळे तो सगळ्याच लढायांत होता. मी मराठी शाळेत असताना त्याचं नाव नुसतं रायाजी होतं. मी मॅट्रिक होईपर्यंत तो श्रीमंत रायाजीराव झाला. त्याच्या मागोमाग पेशवाईत हत्तींना चारा घालणारा एक भालेराव आला, त्याला आण्णा 'गजशाळेचे अधिपती' म्हणत. मग एक कीर्तनकार भालेराव, ज्यांचं आख्यान ऐकायला म्हणे नदी थांबायची. आणि इंग्रजी अमदानीत मोजणीच्या साहेबामागे साखळी ओढत चालणारे एक भालेराव, ज्यांना आमच्या घरात 'भूमापनतज्ज्ञ' असा हुद्दा होता. आई एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "एवढ्या पिढ्यांत एकही भालेराव नुसता घरी बसला नाही का हो?" आण्णांनी तिच्याकडे पाहिलं ते थेट रायाजीरावांच्या नजरेनं.

मेलेल्या भालेरावांना बढती देणं सोपं होतं. जिवंत भालेराव समोर येऊन बसत आणि चहा पीत. खेडचा तुकाराम भालेराव तमाशात ढोलकी वाजवायचा. आण्णांनी त्याला 'तालवाद्यविशारद' केलं, आणि तो बिचारा त्या शब्दानं इतका घाबरला की पहिल्या भेटीत बशी सांडली. खेडचेच एक भालेराव मास्तर होते, संस्कृत शिकवून पेन्शनीत निघालेले, जानव्याला किल्ली बांधणारे. मिशनच्या दवाखान्यातल्या रूथबाई भालेराव होत्या, पांढऱ्याशुभ्र लुगड्यातल्या, मोठ्यानं हसणाऱ्या. आणि पलटणीतून निवृत्त झालेले हवालदार भालेराव होते, ज्यांचं घर गावाबाहेरच्या वस्तीत होतं. हवालदार पहिल्यांदा आले तेव्हा बाहेर ओट्यावरच बसले. "आत या," आण्णा म्हणाले. "हितंच बरं हाय, साहेब." "रायाजीरावांचा वंशज ओट्यावर?" असं ओरडून आण्णांनी त्यांना दंडाला धरून आत आणलं आणि आपल्या शेजारी खाटेवर बसवलं. आईनं चहा आमच्याच कपातून दिला. घरमालकीण त्यानंतर बरेच दिवस आमच्याशी बोलली नाही, हा फायदा वेगळाच.

आज या वयात मला वाटतं, खुळं सगळी सारखी नसतात. आण्णांच्या खुळामुळे आमच्या त्या दोन खोल्यांत जी माणसं एकत्र बसली, ती त्या काळी गावात दुसऱ्या कुठल्याच छपराखाली एकत्र बसली नसती. पण तेव्हा मला हे सुचलं नव्हतं. तेव्हा मी भलत्याच काळजीत होते.

मॅट्रिक झाल्यावर मी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात लागले होते. आम्ही मुली एका रांगेत बसून काचेच्या बाटल्या दिव्यासमोर धरायचो आणि आत कण दिसतो का बघायचो. काम इतकं शांत होतं की जेवणाची घंटा झाली की आम्ही सगळ्या एकदम मैना व्हायचो. डबे कँटीनमधल्या फळीवर ठेवलेले असत. माझ्या डब्यावर आण्णांनी गावातल्या पेंटरकडून तांबड्या रंगात भलं मोठं 'भालेराव' लिहून घेतलं होतं. एके दिवशी मी तो डबा उघडला तर आत एका बाजूनं जळलेली आणि दुसऱ्या बाजूनं कच्ची अशी भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि एक अख्खा कांदा. मला वाटलं आईला बरं नाही. मग पलीकडच्या बाकावर पाहिलं, तर एक उंच, सावळा मुलगा माझ्या आईची भरली वांगी डोळे मिटून खात होता. त्याच्या डब्यावरही 'भालेराव' लिहिलेलं होतं, पण खिळ्यानं ओरखडून.

मी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "हा डबा माझा आहे."

त्यानं डोळे उघडले. डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "व्हय," तो म्हणाला. "मला पयल्याच घासाला कळलं."

"मग थांबला का नाहीत?"

"थांबन्यासारखं न्हवतं, बाई."

हा दत्तू भालेराव. चाकणला त्याच्या घरचा कांदाबटाट्याचा मळा होता, तो बॉयलरवर कामाला होता आणि कासारवाडीला एका खोलीत राहून स्वतःच्या हातानं त्या भाकऱ्या जाळत होता. दुसऱ्या दिवशी माझा डबा घासूनपुसून फळीवर आला तेव्हा त्यात एक कांदा होता. चांगला मोठा, गुलाबी, माती पुसलेला. लोक फुलं देतात, अत्तर देतात. मला कांदा आला, आणि मी तो घरी नेऊन उशाशी ठेवून झोपले. आईनं सकाळी तो उचलला, वास घेतला, म्हणाली, "चाकणचा आहे," आणि भाजीत चिरला. त्या दिवसापासून माझ्या डब्यात भाजी दुप्पट यायला लागली. मी काही विचारलं नाही, तिनं काही सांगितलं नाही, आणि फळीवरचे डबे रोज न चुकता चुकत राहिले.

ते महिने आठवले की मला अजून पाय जमिनीला लागत नाहीत असं वाटतं, आणि आता तर पाय जमिनीला नीट लागावेत म्हणून मी काठी वापरते. सुटी झाली की तो सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालायचा, रस्त्याच्या पलीकडच्या कडेनं. म्हणजे बघणाऱ्याला वाटावं दोघांचा काही संबंध नाही. अख्ख्या रस्त्याभर आम्ही दोघंच असायचो. मग मोठमोठ्यानं बोलावं लागायचं, आणि शेतातले लोक मान वर करून ऐकायचे.

अडचण उघडच होती. आमच्याकडे एका आडनावात सोयरीक होत नाही. एक आडनाव म्हणजे भाऊबंद, भाऊबंद म्हणजे बहीणभाऊ. याला सुटका एकच, ती म्हणजे देवक. लग्नाच्या आधी प्रत्येक घर आपलं देवक बसवतं: कुणाचं एखादं झाड, कुणाचं मोरपीस, कुणाचा शंख. ते कुळाचं मूळ मानायचं, त्याला इजा करायची नाही. देवक निराळं निघालं तर कुळ निराळं, आणि मग आडनाव एक असलं तरी चालतं. आमचं देवक कळंबाचं झाड. मी एकदा रस्त्याच्या माझ्या कडेनं ओरडून विचारलं, "तुमचं देवक कोणतं?"

"मला काय म्हाईत? माझं लगीन कुठं झालंय?"

"मग घरी विचारा ना."

"आत्याला इचारलं तर ती तितल्या तितं नारळ फोडंल. देवक कोन इचारतं? ज्याला बाशिंग बांधायचंय तो. मग म्हनंल, कोन हाय ती? काय सांगू, भालेराव हाय?"

त्याला आईवडील नव्हते. याच आत्यानं माहेरी राहून त्याला वाढवलं होतं, आणि तिच्यापुढे चाकणच्या बाजारातले आडतेसुद्धा भाव करायला कचरत.

आण्णांना देवकाचं विचारावं, तर ते देवकाला बायकांचा विषय समजत. त्यांच्या मते सगळ्या भालेरावांचं देवक कळंबच असणार, त्यात विचारायचं काय? आणि मग व्हायचं तेच झालं. एका रविवारी कासारवाडीच्या फेरीत आण्णांना दत्तू सापडला. संध्याकाळी ते पाय न धुता आत आले आणि त्यांच्यामागे, मान दारात वाकवून, तो. "हिरा आहे हिरा!" आण्णा म्हणाले. "चाकणची शाखा! कुसुम, ये, हा तुझा भाऊ." दत्तू माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना. आई म्हणाली, "बसा. भरली वांगी आवडतात ना तुम्हाला?" आण्णांना ते फार आवडलं. म्हणाले, बघा, रक्त ओळखतं.

दिवाळी तोंडावर होती आणि मला सख्खा भाऊ नव्हता. आण्णांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की भाऊबीजेला कुसुम दत्तात्रयाला ओवाळणार. एकदा ओवाळलं की संपलं. त्यानंतर देवक काहीही निघालं तरी कोण विचारतो? मी त्या रात्री घशाला सूज आणता येते का ते बघितलं, आली नाही. पण दत्तूनं भाऊबीजेला स्वतःहून ओव्हरटाइम मागून घेतला. सणाच्या दिवशी बॉयलरवर थांबायला कुणीच तयार नसतं, त्यामुळे सगळ्या खात्यानं त्याला डोक्यावर घेतलं, साहेबानं पाठ थोपटली. घरी निरोप आला तेव्हा आण्णा गहिवरले. "कर्तव्य!" ते म्हणाले. "रायाजीरावही सणाला घरी नसत." ओवाळणीचं तबक तसंच राहिलं आणि करंज्या दुसऱ्या दिवशी डब्यातून बॉयलरवर गेल्या.

पण आण्णांचं समाधान एका भावावर होणारं नव्हतं. त्यांनी भालेराव कुलसंमेलन भरवायचं ठरवलं. नदीकाठच्या पटांगणात मांडव, बॅटरीवरचा लाउडस्पीकर, खेडचे मास्तर अध्यक्ष, दुपारी जेवण आणि जेवणानंतर मुख्य ठराव: 'सर्व भालेराव हे श्रीमंत रायाजीराव यांचे वंशज असून परस्परांचे बंधुभगिनी आहेत.' हा ठराव एकदा चारचौघांत टाळ्यांनी मंजूर झाला, की दत्तू माझा भाऊ होणार होता, कायमचा, अध्यक्षांच्या सहीशिक्क्यानं. संमेलनाचं स्वागताचं भाषण आण्णा घरात फेऱ्या घालत म्हणत आणि मी भिंतीकडे तोंड करून ऐकत असे. 'बंधुभगिनी' या शब्दावर त्यांचा आवाज चढायचा.

कुळाला बोधचिन्ह हवं म्हणून आण्णांनी वटवृक्ष निवडला. खोड म्हणजे रायाजीराव, फांद्या म्हणजे शाखा, पारंब्या म्हणजे आपण. पेंटरनं एका चादरीवर तो रंगवला. पारंब्या त्याला इतक्या जमल्या होत्या की वड कमी आणि केस पिंजारलेली बाई जास्त दिसत होती. तेवढ्यावर भागलं असतं. पण पत्रावळींचा विषय निघाला तेव्हा आई म्हणाली, पळसाच्या आणा, स्वस्त पडतात, आणि आण्णांना स्फूर्ती आली.

"वडाच्या," ते म्हणाले. "कुळाचा वृक्ष, त्याची पानं, आणि त्या पानांवर सारं कुळ जेवतंय. प्रतीक आहे ते!"

"प्रतीकाला भोकं असतात," आई म्हणाली. "आमटी गळते."

वडाच्याच आल्या. मला तर त्या दिवसांत पत्रावळीकडे बघायला डोळेच नव्हते.

संमेलनाच्या दिवशी सकाळी पटांगणात एवढे भालेराव जमले की आण्णा दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले. सांगवीचे भालेराव वांग्यांच्या टोपल्या घेऊन आले. रूथबाई आल्या आणि आल्या आल्या पदर खोचून चुलीकडे गेल्या. तुकाराम ढोलकी घेऊन आला आणि वाजवू का, वाजवू का, असं सगळ्यांना विचारत हिंडला. हवालदार पदकं लावून आले. भालेराव मास्तर शाल पांघरून आले. स्वतःचा पाण्याचा तांब्या त्यांनी बरोबर आणला होता, पण एका पंगतीला बसायला ते कबूल झाले होते. रक्त एक असेल तर शास्त्राची हरकत नाही, असा निर्णय त्यांनी स्वतःच दिला होता. ओळख करून देताना आण्णांनी भोंग्यातून एकेकाचं नाव असं काही पुकारलं, की नदीपलीकडे म्हशी धुणारे लोक धुणं थांबवून उभे राहिले.

चाकणची मंडळी बैलगाड्यांतून उशिरा आली, पंगत मांडून झाल्यावर. पुढे दत्तूची आत्या, नाकात नथ, पदर डोक्यावरून पक्का, चाल हवालदारांपेक्षा ताठ. मागे तिचे चुलतभाऊ, भावजया, पोरंबाळं, आणि सगळ्यात मागे दत्तू, फाशी जाणारा माणूस जसा नव्या सदऱ्यात दिसेल तसा. मी बुंदीची बादली घेऊन वाढायला उभी होते. मास्तर आणि हवालदार शेजारी शेजारी बसले होते, तुकाराम समोर, आण्णा मधोमध उभे, हात जोडलेले. "या, या! बसा! एका वृक्षाची पानं!"

आत्या बसायला वाकली. पत्रावळीकडे पाहिलं आणि पुन्हा सरळ झाली. मागची सगळी चाकणची रांग तिच्याबरोबर सरळ झाली.

"पावनं," ती म्हणाली, "हे पान वडाचं हाय."

"होय, होय!" आण्णा खुलले. "मुद्दाम! आपला कुलवृक्ष!"

"आमी वडाच्या पानावर जेवत न्हाई. देवक हाय आमचं. वडाची पारंबीसुदिक आमच्या घरात कोन तोडीत न्हाई, आन् तुमी त्यावर आमटी वाढताय?"

आण्णा हसले. अजून त्यांना कळलं नव्हतं. "अहो आत्याबाई, काहीतरी चुकतंय. भालेरावांचं देवक कळंब."

"तुमचं असंल."

"सगळ्यांचं! भालेरावांचं देवक कळंब!"

"मंग मी कोन हाय?" आत्यानं विचारलं. "माझ्या बापाच्या लग्नात वड, भावाच्या लग्नात वड. कळंबाला आमी सरपण म्हनतो."

माझ्या हातातली बादली पडली. बुंदी मास्तरांच्या शालीवर, हवालदारांच्या पदकांवर, सगळीकडे. कुणीही माझ्याकडे पाहिलं नाही, दत्तू सोडून. तो माझ्याकडे बघत होता आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. त्याला त्याचं देवक तेव्हाच कळत होतं, भर मांडवात, माझ्याबरोबर.

आणि मग धरण फुटावं तसं झालं. "आमचं पंचपल्लव," सांगवीकर म्हणाले. "आमचं मोरपीस!" तुकाराम ओरडला, आणि राहवेना म्हणून त्यानं ढोलकीवर एक थाप मारली. रूथबाई चुलीकडून म्हणाल्या, "आमच्यात देवक नसतं बाबा, पण भूक आहे." जो तो आपलं झाड, आपलं पीस सांगायला लागला. रायाजीरावांचा वंश आमच्या डोळ्यांदेखत भेंडाच्या बत्ताशासारखा विरघळत होता. मास्तर शालीवरची बुंदी झटकत म्हणाले, "देवकं निराळी म्हणजे कुळं निराळी. कुळं निराळी म्हणजे…" आणि त्यांनी शेजारी पाहिलं. हवालदारांना पुढचं सांगावं लागलं नाही. ते शांतपणे उठले आणि आपली पत्रावळ उचलून पंगतीच्या टोकाला, थोडी लांब, मांडायला निघाले. सवयीनं माणूस दार लोटून घेतो ना, तसं.

आण्णा तिथेच उभे होते, हात अजून जोडलेलेच. ते हात त्यांनी सोडले.

"हवालदार," ते म्हणाले, "जागेवर बसा."

"आता कुळ एक न्हाई म्हनत्यात, साहेब."

"नसेल. पंगत एकच आहे. बसा." मग मास्तरांकडे वळून, "अध्यक्षांना उठायचं असेल तर गाडी तयार आहे." हे वाक्य त्यांच्या भाषणात नव्हतं. ते सगळं भाषण मला पाठ होतं. मास्तरांनी थोडा वेळ तांब्याकडे पाहिलं, आणि मग ते, आश्चर्य म्हणजे, बसूनच राहिले. मला वाटतं बुंदीचा वास फार चांगला सुटला होता. चाकणकरांसाठी आईनं आळीतून पितळी थाळ्या मागवल्या, आणि सगळे भालेराव, जेवढ्या प्रकारचे होते तेवढे, जेवले.

मी मात्र जेवले नाही. कारण मला माझे वडील माहीत होते. जेवणभर त्यांचे ओठ हलत होते. ते तोड शोधत होते. आणि तोड होती: काळाच्या ओघात देवकं बदलतात, असं म्हटलं की झालं. एका वाक्यात रायाजीराव परत घोड्यावर बसले असते, ठराव मंजूर झाला असता, आणि दत्तू माझा भाऊ झाला असता. आण्णा उठले, भोंग्याच्या माइककडे गेले, टोपी नीट केली. मग त्यांनी खाली पाहिलं. मी रिकामी बादली छातीशी धरून उभी होते. पलीकडच्या कडेला, नेहमीसारखाच, दत्तू उभा होता. आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे असं बघत होतो की त्यानंतर आंधळ्याला सुद्धा सांगावं लागलं नसतं. आण्णांनी मला पाहिलं, त्याला पाहिलं, पुन्हा मला पाहिलं. आयुष्यभर आडनावं बघत आलेल्या माणसानं बहुधा पहिल्यांदाच दोन चेहरे पाहिले.

खाकरून ते म्हणाले, "बंधुभगिनींनो." मी डोळे मिटले. "अर्थात, सर्वच नव्हेत."

मी डोळे उघडले.

"भालेराव कुळं एकापेक्षा अधिक असावीत, असा माझा फार दिवसांचा कयास होता. आजच्या या प्रयोगानं तो सिद्ध झाला. पत्रावळींची योजना मी त्याच हेतूनं केली होती."

चुलीपाशी आईच्या हातातला झारा कढईत पडला. टाळ्या मात्र एवढ्या वाजल्या की नदीपलीकडच्या म्हशी पळाल्या. टाळ्या थांबायच्या आतच आत्या उठली. तिनं माझ्याकडे पाहिलं, दत्तूकडे पाहिलं, सांडलेल्या बुंदीकडे पाहिलं. "भाऊबीजेचा ओव्हरटाइम व्हय रं हा?" ती त्याला म्हणाली, आणि त्याच्या उत्तराची वाट न बघता थेट आण्णांसमोर, म्हणजे थेट माइकसमोर जाऊन उभी राहिली. "पावनं, कुळं निराळी हायत न्हवं? मंग तुमची पोरगी आमच्या दत्तूला देता का?" हा प्रश्न सगळ्या चिंचवडनं ऐकला.

आण्णांना घाम फुटला. पण माइक समोर असला की त्यांना सभेचे नियम सुचत. "सूचना आलेली आहे," ते म्हणाले. आवाज जरा चिरकला. "सभेपुढे सूचना आलेली आहे. तिला अनुमोदन कोण देतं?"

सगळ्यांना वाटलं हे अध्यक्षांचं काम. तेवढ्यात चुलीकडून आई पुढे आली. तिनं जन्मात कुठल्या सभेत तोंड उघडलं नव्हतं. तिच्या हाताला कोपरापर्यंत बेसन लागलेलं होतं. तो हात तिनं वर केला. "मी देते," ती म्हणाली.

"अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करावेत," आण्णा म्हणाले, आणि हात वर झाले. हवालदारांचा, रूथबाईंचा, सांगवीकरांचा, ढोलकीसकट तुकारामचा, आणि शेवटी शालीतून सावकाश मास्तरांचा. मुलीला हात वर करायचा अधिकार असतो का, हे त्या सभेच्या नियमांत लिहिलेलं नव्हतं. दत्तू मात्र पुढे आयुष्यभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला, की आण्णांचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच पहिला हात माझा वर गेला होता, बादलीसकट.